ऑस्ट्रेलियाचा व्हिसा नाकारला, कॅन्सल झाला, आता कोर्टात जायचं का? सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापूर म्हणा, विजापूर रोड म्हणा, होटगी रोड म्हणा, आता प्रत्येक गल्लीत एखादं तरी घर असं आहे की ज्यांचं लेकरू ऑस्ट्रेलियात आहे. कुणाचा मुलगा मेलबर्नला मास्टर्स करतोय, कुणाची सून नर्स आहे, कुणाचा पुतण्या शेफचा कोर्स करायला गेला आणि तिथंच राहायचं म्हणतोय. सगळं सुरळीत असतं तोवर कुणाला कायदा आठवत नाही, एक दिवस ईमेल येतो आणि मग घरात दोन दिवस कुणी धड जेवत नाही. मी सोलापूरच्या कोर्टात वकिली करते, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा सल्ला द्यायचं रजिस्ट्रेशन माझ्याकडं नाही आणि मी तसली कामं घेतही नाही, पण तिथल्या कोर्टांचे निकाल मी मनापासून वाचते आणि इथले आईवडील जे प्रश्न परत परत विचारतात त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलंय. तुमच्या केसमध्ये काय करायचं ते तिथल्या वकिलालाच विचारा, पण विचारायला जाताना निदान कोणता प्रश्न विचारायचा ते माहीत असू दे.

व्हिसा नाकारलाय. कोर्टात केस जिंकली तर कोर्ट व्हिसा देतं ना?

नाही देत. सगळ्यात जास्त गैरसमज ह्याच एका गोष्टीचा आहे आणि लाखो रुपये त्याच्यापायी जातात. ऑस्ट्रेलियाचं कोर्ट तुमचा मुलगा हुशार आहे का, त्याला व्हिसा मिळायला पाहिजे होता का, हे ठरवतच नाही. आपल्याकडं पेपरला मार्क कमी पडले म्हणून कोर्टात गेलं तर जज स्वतः पेपर तपासत बसत नाहीत, परीक्षा नियमाप्रमाणं झाली का एवढंच बघतात, तसंच हे. निर्णय कायद्याप्रमाणं झाला नाही असं दिसलं तर कोर्ट तो रद्द करतं आणि परत नव्यानं ठरवा म्हणून पाठवतं. परत ठरवताना उत्तर पुन्हा नाही असंही येऊ शकतं, फक्त ह्या वेळी नीट प्रोसेसनं आलेलं. म्हणून 'केस जिंकली' असं कुणी सांगितलं की पहिल्यांदा विचारा, जिंकली म्हणजे नक्की काय झालं, फाईल परत गेली की व्हिसा आला?

मग कोर्ट बघतं तरी काय?

तिथले वकील ज्याला ज्युरिस्डिक्शनल एरर म्हणतात ती चूक. साध्या भाषेत, निर्णय घेणाऱ्यानं त्याला कायद्यानं दिलेल्या हद्दीच्या बाहेर जाऊन निर्णय घेतला का. कायद्याची चुकीची कसोटी लावली, तुमचा एखादा स्पष्ट मांडलेला मुद्दा विचारातच घेतला नाही, विरोधातली माहिती तुम्हाला न दाखवता वापरली, कुठलाही समंजस माणूस घेणार नाही असा निर्णय घेतला, असल्या गोष्टी. नुसतं 'ऑफिसरनं माझ्या कागदपत्रांना कमी महत्त्व दिलं' हे त्यात बसत नाही.

इथं थोडा इतिहास सांगते कारण त्याशिवाय पुढचं समजत नाही. २००१ मध्ये तिथल्या सरकारनं मायग्रेशन कायद्यात, म्हणजे १९५८ च्या मायग्रेशन ॲक्टमध्ये, असं कलम घातलं की व्हिसाचे बरेचसे निर्णय अंतिम, कोर्टात आव्हान द्यायचंच नाही. २००३ मध्ये एस१५७ ह्या खटल्यात तिथल्या हायकोर्टानं सांगितलं की ज्या निर्णयात ज्युरिस्डिक्शनल एरर आहे तो कायद्याच्या नजरेत निर्णयच नाही, त्यामुळं हे कलम त्याला वाचवू शकत नाही, आणि राज्यघटनेनं हायकोर्टाला दिलेला हा अधिकार संसद काढून घेऊ शकत नाही. (ऑस्ट्रेलियाचं हायकोर्ट म्हणजे तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट, आपल्या सुप्रीम कोर्टाच्या जागी, हे लक्षात ठेवा.) आज कुठलाही साधा विद्यार्थी सरकारविरुद्ध कोर्टात उभा राहू शकतो तो ह्या निकालाच्या जोरावर.

दोन गोष्टी मात्र उलट बाजूनं आहेत. १९९६ च्या वू शान लियांग खटल्यात हायकोर्टानं सांगितलं की निर्णयाची कारणं चूक शोधायचीच म्हणून बारीक नजरेनं वाचायची नाहीत, त्यामुळं निर्णयात एखादं वाक्य तिरकं लिहिलं म्हणून केस होत नाही. आणि नुसती चूक असून चालत नाही, ती झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची खरीखुरी शक्यता होती असं दिसावं लागतं. ही पायरी फार उंच नाही असं २०२४ च्या एलपीडीटी खटल्यात हायकोर्टानं स्पष्ट केलं, आणि मला स्वतःला तो निकाल फार न्याय्य वाटतो, कारण त्याच्या आधी कितीतरी लोक चूक सिद्ध करूनही 'काय फरक पडला असता' ह्या प्रश्नावर अडकायचे.

ट्रिब्युनल आणि कोर्ट एकच का?

एकच नाही, आणि ही गफलत महागात पडते. ट्रिब्युनल म्हणजे तुमची केस पहिल्यापासून परत बघणारी जागा. तिथं नवे कागद देता येतात, बाजू मांडता येते, आणि ट्रिब्युनल डिपार्टमेंटचा, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याचा, निर्णय बदलू शकतं. आधी त्याला एएटी म्हणायचे, १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्या जागी एआरटी म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल आलं. खरी लढाई इथं असते. जो पुरावा आहे तो सगळा इथं द्यायचा, हातचं राखून ठेवायचं नाही, कारण पुढं कोर्टात 'हा कागद राहिला होता' म्हटलं तर तो साधारणपणे बघितलाच जात नाही. ट्रिब्युनलनंही नाही म्हटलं की मग फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट, त्याच्यावर फेडरल कोर्ट, आणि फार क्वचित, परवानगी मिळाली तर, हायकोर्ट.

माझ्या मुलीनं इथूनच, सोलापुरातनं स्टुडंट व्हिसा अप्लाय केला होता. नाकारला. ट्रिब्युनलला जाता येईल का?

ऑस्ट्रेलियाच्या बाहेरून अर्ज केलेल्या स्टुडंट व्हिसाला ट्रिब्युनलचा रस्ता नाही. कोर्टाचा कागदोपत्री आहे, पण तो फक्त वर सांगितलेल्या चुकीसाठी, आणि त्याला लागणारा वेळ आणि पैसा बघता बहुतेक घरांना नाकारण्याची कारणं नीट वाचून परत चांगला अर्ज करणं हेच बरं पडतं. २३ मार्च २०२४ पासून जुन्या जीटीईच्या (जेन्युइन टेम्पररी एंट्रंट, म्हणजे तात्पुरतं राहायलाच येतोय हे दाखवायची अट) जागी जेन्युइन स्टुडंट अशी अट आलीय, त्यात हाच कोर्स का, आधीच्या शिक्षणाशी आणि पुढच्या कामाशी त्याचा मेळ काय, हे स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं. मुलीला स्वतःला लिहू द्या. क्लासवाल्याकडनं आलेला तोच तो मजकूर दहा जणांच्या अर्जात गेला की ऑफिसरला कळतंच. आणि फी लक्षात घ्या, १ जुलै २०२५ पासून अर्जाची फी २००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, नाकारला म्हणून ती परत येत नाही.

आम्हा दोघांचा व्हिजिटर व्हिसा नाकारला. नातीचं बारसं होतं हो. काहीच करता येत नाही का?

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. तुम्ही मुलाला, मुलीला, भावाला, बहिणीला, नवरा किंवा बायकोला भेटायला जाणार असाल, ते तिथले नागरिक किंवा पीआर म्हणजे कायमचे रहिवासी असतील, आणि अर्जात त्यांची माहिती दिलेली असेल, तर तुम्ही नाही, ते स्वतः ट्रिब्युनलमध्ये रिव्ह्यू मागू शकतात. मुलगा अजून स्टुडंट किंवा टेम्पररी व्हिसावर असेल तर हे चालत नाही. फी तीन हजार डॉलरच्या वर आहे, जिंकलं तर अर्धी परत मिळते, आणि वेळ एवढा जातो की बारसं काय, नात चालायला लागलेली असते. म्हणून पुष्कळदा नवा अर्ज हाच व्यवहारी मार्ग. त्यात सातबारा, पेन्शनचा कागद, रिटर्न, घर, इथं मागं राहिलेली माणसं, म्हणजे परत यायला कारण आहे हे दिसू द्या. नाकारण्याच्या पत्रात ज्या शंकेवर नाकारलंय त्याच शंकेचं उत्तर द्या, बाकीचे चाळीस कागद लावून काही होत नाही.

किती दिवसांत काय करायचं?

हे दिवस चुकले तर पुढचं सगळं वाया, त्यामुळं पाठ करा. ट्रिब्युनलसाठी बहुतेक व्हिसा प्रकरणांत नोटीस मिळाल्यापासून २८ दिवस. माणूस डिटेन्शनमध्ये असेल तर मुदत कमी असते. कॅरॅक्टरच्या, म्हणजे गुन्हा किंवा वर्तनाच्या, कारणावरून डिपार्टमेंटच्या ऑफिसरनं घेतलेला निर्णय असेल आणि माणूस ऑस्ट्रेलियातच असेल तर फक्त ९ दिवस. आणि व्हिसाच्या केसमध्ये ही मुदत ट्रिब्युनल वाढवून देऊ शकत नाही, आजारी होतो, परीक्षा होती, एजंट फोन उचलत नव्हता, काहीही सांगा.

ट्रिब्युनलनंतर कोर्टात जायला ३५ दिवस, आणि ते निर्णयाच्या तारखेपासून धरतात, तुम्ही वाचलं त्या तारखेपासून नाही. कोर्ट ही मुदत वाढवू शकतं, पण लेखी मागावं लागतं, उशीर का झाला ते सांगावं लागतं आणि केसमध्ये काही दम आहे हेही दाखवावं लागतं.

अजून एक. डिपार्टमेंटनं ईमेल पाठवला की तो त्याच दिवसाच्या शेवटी तुम्हाला मिळाला असं कायदा धरतो. स्पॅममध्ये गेला, एजंटच्या आयडीवर गेला, त्यानं पुढं पाठवला नाही, तरी दिवस मोजायला सुरुवात झालेली असते. म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगते की लेकराचा स्वतःचा ईमेल आणि स्वतःचं इमीअकाउंट (व्हिसा अर्जाचं सरकारी ऑनलाइन खातं) असू दे, पासवर्ड त्याच्याकडं असू दे, आणि आठवड्यातनं एकदा तरी उघडून बघू दे.

ट्रिब्युनलकडं आम्ही थोडा वेळ मागितला होता, दिला नाही. ही चूक धरतात का?

कधी कधी धरतात. ली खटला, २०१३, हायकोर्ट. अर्जदार बाई स्किल्ड व्हिसासाठी थांबल्या होत्या, त्यांचं स्किल असेसमेंट चुकीच्या पद्धतीनं झालं होतं आणि ते दुरुस्त करायला त्यांनी असेसमेंट करणाऱ्या संस्थेकडं मागणी केली होती, ट्रिब्युनलला म्हणाल्या की ते येईस्तोवर थांबा. ट्रिब्युनलनं सांगितलं तुम्हाला पुरेसा वेळ दिलाय आणि केस संपवून टाकली. हायकोर्टानं हे अवाजवी ठरवलं, कारण का थांबायचं ह्याला नेमकं कारण होतं आणि का थांबायचं नाही ह्याला ट्रिब्युनलकडं धड कारण नव्हतं. आज कुठल्याही व्हिसा केसमध्ये निर्णय अवाजवी आहे असं म्हणायचं असेल तर वकील पहिल्यांदा ह्या निकालावर बोट ठेवतो. पण त्याचा अर्थ असा घेऊ नका की वेळ मागितला की मिळालाच पाहिजे. कशासाठी, किती दिवस, तोवर काय येणार आहे, हे लेखी आणि स्पष्ट मागा, तरच पुढं त्याचा उपयोग.

ट्रिब्युनलच्या सुनावणीला गेलोच नाही. एजंट म्हणाला गरज नाही.

इथं दोन निकाल शेजारी ठेवून बघा. २००७ चा एसझेडएफडीई. एका कुटुंबाला एका माणसानं आपण वकील आणि मायग्रेशन एजंट आहोत असं भासवलं, पैसे घेतले आणि सुनावणीला जाऊ नका म्हणून सांगितलं. हायकोर्टानं म्हटलं की ही फसवणूक नुसती त्या कुटुंबाची नाही, त्यामुळं ट्रिब्युनलचं कामच बिघडलं, म्हणून निर्णय रद्द. दुसरा २०१८ चा एसझेडव्हीएफडब्ल्यू. त्यात अर्जदार सुनावणीला आले नाहीत, आधीच्या पत्रांनाही उत्तर नव्हतं, ट्रिब्युनलनं त्यांच्याशिवाय निर्णय दिला आणि हायकोर्ट म्हणालं ह्यात अवाजवी काही नाही.

म्हणजे एजंटनं खरोखर फसवलं असेल, आणि ते सिद्ध करता आलं, तर दार उघडं आहे. एजंटनं नुसता हलगर्जीपणा केला किंवा चुकीचा सल्ला दिला तर बहुतेक वेळा त्याचं ओझं तुमच्यावरच येतं. सुनावणीला बोलावलं तर जायचंच, काहीही झालं तरी. दुभाषा ट्रिब्युनल फुकट देतं. इंग्रजी येतं म्हणून आपली पोरं दुभाषा नको म्हणतात आणि मग घाबरून अर्धवट बोलतात. मनातलं मराठीतच नीट येत असेल तर मराठी दुभाषा मागा, त्यात कमीपणा कसला?

एजंटनं बँकेचे कागद खोटे लावले. आम्हाला खरंच माहीत नव्हतं. हे सांगितलं तर सुटू ना?

मला हे लिहिताना वाईट वाटतं, पण बहुतेक वेळा नाही. पीआयसी ४०२० नावाची अट आहे. खोटा कागद किंवा खोटी महत्त्वाची माहिती गेली तर व्हिसा नाही, आणि अशा कारणानं नाकारला गेला की पुढची ३ वर्षं बरेचसे व्हिसे बंद. ओळखीबद्दल खोटं असेल तर १० वर्षं. २०१४ च्या त्रिवेदी खटल्यात फेडरल कोर्टाच्या फुल बेंचनं सांगितलं की माहितीत जाणूनबुजून खोटेपणा असला पाहिजे, साधी टायपिंगची चूक त्यात येत नाही, पण तो खोटेपणा अर्जदाराचाच असायला पाहिजे असं काही नाही. म्हणजे खोटं एजंटनं केलं आणि तुम्हाला पत्ताच नव्हता तरी ही अट लागू शकते.

ह्यातनं सवलत मिळू शकते, पण तिचा रस्ता अरुंद आहे, ऑस्ट्रेलियाचं किंवा तिथल्या नागरिकाचं हित दाखवावं लागतं. म्हणून अर्ज सबमिट व्हायच्या आधी पूर्ण फॉर्म आणि एकूण एक अटॅचमेंट स्वतःच्या डोळ्यानं बघा. एफडी चार दिवसांपुरती दाखवून देतो, अनुभवाचं लेटर करून देतो असं कुणी म्हटलं की उठून या. नवी पेठेत बसून केलेला एक कागद तिकडं सिडनीत तीन वर्षांनी बाहेर निघतो आणि तोवर पोराचं सगळं आयुष्य तिथं बसलेलं असतं.

व्हिसा कॅन्सल करणार अशी नोटीस आलीय. अजून कॅन्सल नाही झाला. काय करायचं?

उत्तर द्या, वेळेत, लेखी, कागदांसकट. बऱ्याच जणांना वाटतं नोटीस म्हणजे संपलं. तसं नाहीये, हीच तुमची सगळ्यात चांगली संधी असते. स्टुडंटच्या बाबतीत कॉलेज सोडलं, एनरोलमेंट गेली, किंवा कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम केलं, ही नेहमीची कारणं. पण कारण खरं असलं तरी कॅन्सल करायचंच असं प्रत्येक वेळी नसतं, ऑफिसरला परिस्थिती बघावी लागते. घरी कुणी गेलं असेल, आजारपण असेल, कॉलेजच बंद पडलं असेल, ते सांगा.

उत्तर द्यायची संधी किती महत्त्वाची ते १९८५ च्या कियोआ खटल्यापासून दिसतं. टोंगा बेटावरनं शिकायला आलेला माणूस, व्हिसा संपल्यावरही राहिलेला, डिपार्टमेंटच्या फाईलमध्ये त्याच्याबद्दल एक वाईट शेरा होता आणि तो त्याला कधी दाखवलाच नाही. हायकोर्ट म्हणालं, आधी दाखवायला पाहिजे होता, बाजू मांडू द्यायला पाहिजे होती, आणि त्याला देशाबाहेर काढायचा आदेश रद्द झाला.

जोकोविचचं तर तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. जानेवारी २०२२, मेलबर्नचं विमानतळ. पहाटे त्याला सांगितलं की साडेआठपर्यंत वेळ आहे, आणि ७ वाजून ४२ मिनिटांनी व्हिसा कॅन्सल करून टाकला. १० जानेवारीला सरकारनंच कोर्टात मान्य केलं की हे वाजवी नव्हतं, आणि कॅन्सलेशन रद्द झालं. पण १४ तारखेला इमिग्रेशन मंत्र्यांनी स्वतःचा वेगळा अधिकार वापरून परत कॅन्सल केला, आणि १६ तारखेला फेडरल कोर्टाच्या तीन जजेसनी मंत्र्यांच्या बाजूनं निकाल दिला. एकाच माणसाच्या एकाच आठवड्यात दोन्ही गोष्टी दिसल्या. प्रोसेस चुकली की कोर्ट मदत करतं, आणि प्रोसेस बरोबर असली की जगातला पहिल्या नंबरचा खेळाडू असला तरी कोर्ट म्हणतं की मंत्र्यांचा निर्णय शहाणपणाचा होता का हे आम्ही बघत नाही.

कॅरॅक्टरवरून व्हिसा जातो म्हणजे काय?

कलम ५०१. एकूण १२ महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेली असेल तर कॅरॅक्टर टेस्टमध्ये नापास, आणि एकच शिक्षा तेवढी असून माणूस पूर्णवेळ तुरुंगात असेल तर डिसेंबर २०१४ पासून व्हिसा आपोआप कॅन्सल करावाच लागतो, मग २८ दिवसांत तो परत द्या म्हणून मागणी करायची. दारू पिऊन गाडी चालवली, घरात भांडण होऊन पोलीस आले, ह्या गोष्टी आपली पोरं घरी सांगत नाहीत, पण व्हिसावर त्यांचा परिणाम होऊ शकतो.

शिक्षा नसताना केवळ ओळखीवरूनही हे कलम वापरलं गेलंय, आणि तो निकाल प्रत्येक भारतीयानं वाचावा असा आहे. डॉक्टर मोहम्मद हनीफ, बेंगळुरूला शिकलेले, क्वीन्सलँडमध्ये हॉस्पिटलात काम करत होते. २ जुलै २००७ ला ब्रिस्बेनच्या विमानतळावर पकडलं, ब्रिटनमधल्या नातेवाइकाला दिलेल्या सिम कार्डवरून दहशतवादाला मदत केली असा आरोप. १६ जुलैला कोर्टानं जामीन दिला आणि काही तासांत मंत्र्यांनी व्हिसा कॅन्सल केला, कारण काय तर गुन्हेगारी वर्तनाचा संशय असलेल्या माणसांशी संबंध. २७ जुलैला आरोपच मागं घेतला गेला. २१ ऑगस्टला जस्टिस स्पेंडर यांनी सांगितलं की मंत्र्यांनी संबंध ह्या कसोटीचा चुकीचा अर्थ लावला, नुसतं नातं किंवा निरागस ओळख त्यात बसत नाही, आणि डिसेंबरमध्ये फुल बेंचनं तो निकाल कायम ठेवला. नातेवाईक कोण निघेल हे कुणाच्या हातात असतं का? एका परक्या देशातल्या जजनं, सगळे पेपर एका बाजूनं लिहीत असताना, कायद्याचा शब्द धरून ठेवला, ह्याचं मला आजही मोल वाटतं.

व्हिसा संपत आला की प्रोटेक्शन व्हिसा टाका, काम करता येतं, असं एक एजंट सांगतोय. टाकू का?

खरा धोका नसेल तर अजिबात टाकू नका. मी हात जोडून सांगते.

प्रोटेक्शन व्हिसा, म्हणजे ८६६, हा ज्याला स्वतःच्या देशात परत गेलं तर वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटातला असल्यामुळं छळाची साधार भीती आहे त्याच्यासाठी आहे. ज्यांना ती भीती खरी आहे त्यांच्यासाठी तिथल्या कोर्टांनी फार मोलाचे निकाल दिलेत. १९८९ च्या चान खटल्यात हायकोर्टानं सांगितलं की छळ होण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त असायला पाहिजे असं नाही, खरीखुरी शक्यता पुरे, आणि जस्टिस मॅकह्यू यांनी तर १० टक्के शक्यता असली तरी भीती साधार असू शकते असं लिहिलं. २००३ च्या एस३९५ खटल्यात बांगलादेशातल्या दोन समलिंगी पुरुषांबद्दल चार विरुद्ध तीन जजेसनी निकाल दिला की 'गुपचूप राहा म्हणजे काही होणार नाही' असं निर्वासिताला सांगता येत नाही. लपून जगावं लागतं ते छळाच्या भीतीपोटीच ना, मग तीच भीती विचारात घेतली पाहिजे. आपल्याकडं आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्न केलेली, घरच्यांपासून जीव वाचवून पळालेली मुलं आहेत, समलिंगी मुलं आहेत. त्यांच्यापैकी कुणाला खरी भीती असेल तर लाज न बाळगता, पहिल्यांदाच, सगळं सांगावं. कारण दावा पूर्ण मांडणं आणि पुरावा देणं ही अर्जदाराची जबाबदारी आहे असं कायदा म्हणतो, आणि महत्त्वाची गोष्ट उशिरा सांगितली की ती बनवलेली असल्याचा संशय येतो.

पण भारतातल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारतात. पोलीस संरक्षण देत नाहीत का, आणि देशात दुसरीकडं, पुण्यात, नागपुरात, दिल्लीत जाऊन सुरक्षित राहता येत नाही का. धोका देशाच्या सगळ्या भागांत आहे हे दाखवावं लागतं. सावकाराचं कर्ज आहे, भाऊबंदकीत जमिनीचा वाद आहे, इथं नोकरी नाही, ह्यावर बहुतेक दावे उभे राहत नाहीत. आणि खोटा दावा टाकला की तो रेकॉर्डवर कायम राहतो, नाकारला की ऑस्ट्रेलियात राहून दुसरे बहुतेक व्हिसे मागता येत नाहीत, नंतर कुठलाही व्हिसा मागताना ते समोर येतं. दोन वर्षं काम करून चार पैसे मिळतात, पण पुढचा सगळा मार्ग बंद करून. शिवाय खोट्या अर्जांचा ढीग वाढला की ज्याचा जीव खरंच धोक्यात आहे त्याची फाईल मागं पडते, हेही मनाला लागायला पाहिजे.

निकालांवर नावाच्या जागी एसझेड, एनझेड अशी अक्षरं का असतात?

प्रोटेक्शन मागणाऱ्याचं नाव कोर्टानं छापायचं नाही असा कायदा आहे, म्हणजे मागं राहिलेल्या घरच्यांना त्रास होऊ नये. त्यामुळं कोर्टात गेलो तर गावात कळेल ही भीती प्रोटेक्शनच्या केसमध्ये ठेवू नका. बाकीच्या व्हिसा केसमध्ये मात्र नाव छापलं जातं आणि ते ऑनलाइन कुणालाही दिसतं.

व्हिसा नसला की डिटेन्शनमध्ये टाकतात का? किती दिवस?

व्हिसा नसलेल्या परदेशी माणसाला ताब्यात घ्यायचं असाच तिथला कायदा आहे, पण जो स्वतः पुढं येऊन इमिग्रेशनशी बोलतो त्याला बहुतेक वेळा ब्रिजिंग व्हिसा ई, म्हणजे मधल्या काळापुरता तात्पुरता व्हिसा, मिळतो. किती दिवस, ह्यावर वीस वर्षं वाद चालला. २००४ च्या अल-कतेब निकालात हायकोर्टानं चार विरुद्ध तीन असं म्हटलं की कुठलाच देश घेत नसला तरी बेमुदत ठेवता येतं. ८ नोव्हेंबर २०२३ ला, एनझेडवायक्यू खटल्यात, एका रोहिंग्या माणसाच्या बाबतीत हायकोर्टानं तो निकाल बाजूला सारला. नजीकच्या काळात बाहेर पाठवायची खरी शक्यताच नसेल तर डांबून ठेवणं म्हणजे शिक्षा, आणि शिक्षा फक्त कोर्टच देऊ शकतं. नंतर सरकारनं सुटलेल्या लोकांना पायात ट्रॅकर आणि रात्रीची संचारबंदी लावली, ६ नोव्हेंबर २०२४ ला वायबीएफझेड खटल्यात तीही तरतूद ज्या स्वरूपात होती त्या स्वरूपात रद्द झाली.

आपल्या लोकांना ह्याचा थेट उपयोग कमी, कारण भारत आपला नागरिक परत घेतो. आणि मे २०२४ च्या एएसएफ१७ निकालात हायकोर्टानं सांगितलं की परत जायला स्वतःच सहकार्य न करणाऱ्याला ह्या मुद्द्यावर सुटका मागता येत नाही.

केस चालू असताना तिथं राहता येतं का? दिवाळीला घरी येता येईल का?

तिथं राहून अर्ज केला असेल तर सहसा ब्रिजिंग व्हिसा असतो, ट्रिब्युनलच्या निर्णयानंतर तो साधारण ३५ दिवस चालतो आणि त्या मुदतीत कोर्टात गेलं तर पुढं चालू राहू शकतो. काम करायची परवानगी प्रत्येकाच्या व्हिसावर वेगळी, व्हेवोवर, म्हणजे व्हिसाच्या अटी दाखवणाऱ्या सरकारी साइटवर, तपासा. ब्रिजिंग व्हिसा ए वर देश सोडला की परत जाता येत नाही, त्यासाठी आधी बी मागावा लागतो. दिवाळीचं असो, गड्ड्याच्या यात्रेचं असो की बहिणीच्या लग्नाचं, तिकीट काढायच्या आधी हे बघा. इथं येऊन अडकलेल्या मुलांचे आईवडील माझ्यासमोर बसून रडलेत.

आणि फक्त राहायला मिळावं म्हणून दम नसलेली केस टाकायची, हे तिथल्या कायद्याला मान्य नाही. केसमध्ये यशाची वाजवी शक्यता आहे असं वकिलाला लेखी सर्टिफाय करावं लागतं, आणि दम नसलेल्या केससाठी भरीला घालणाऱ्यावर खर्चाचा आदेश होऊ शकतो.

मंत्र्यांना अर्ज केला तर?

ट्रिब्युनलमध्ये हरल्यावर मंत्री स्वतःच्या अधिकारात मदत करू शकतात, पण त्यांनी विचार केलाच पाहिजे असं बंधन नाही. २०२३ च्या डेव्हिस खटल्यात हायकोर्टानं सांगितलं की कुणाचा अर्ज मंत्र्यांपर्यंत पोचण्यासारखा आहे हे सार्वजनिक हिताच्या नावाखाली ऑफिसर लोकांनी परस्पर ठरवायचं नाही, कारण तो अधिकार मंत्र्यांचा एकट्याचा आहे. पण ह्याच्या भरवशावर आयुष्य ठेवू नका.

कॅनडा आणि अमेरिकेचं असंच आहे का?

वेगळं आहे. कॅनडात स्टडी परमिट नाकारलं तर ट्रिब्युनल नाही, थेट फेडरल कोर्ट, तेही आधी परवानगी घेऊन, बाहेरून अर्ज केला असेल तर ६० दिवसांत आणि कॅनडातल्या निर्णयाला १५ दिवसांत. २०१९ च्या वाव्हिलॉव्ह निकालानंतर तिथं कोर्ट बघतं की ऑफिसरची कारणं पटण्यासारखी आणि समजण्यासारखी आहेत का. अमेरिकेत कॉन्सुलेटच्या नकाराला कोर्ट जवळपास हातच लावत नाही, जून २०२४ च्या मुन्योझ निकालात एका अमेरिकन बाईच्या नवऱ्याचा व्हिसा नाकारला तरी तिथल्या सुप्रीम कोर्टानं दार उघडलं नाही. एका देशाचा नियम दुसऱ्या देशाला लावू नका.

चांगला वकील किंवा एजंट कसा ओळखायचा?

ऑस्ट्रेलियात व्हिसाचा सल्ला द्यायचा तर माणूस रजिस्टर्ड मायग्रेशन एजंट किंवा तिथला वकील पाहिजे. एजंटचा सात आकडी नंबर असतो, तो ओएमएआरए ह्या एजंटांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर टाकून बघता येतो. कोर्टाच्या कामाला वकीलच लागतो. इथल्या सात रस्त्यावरच्या किंवा पुण्यातल्या कन्सल्टंटवर, तो स्वतः रजिस्टर्ड नसेल तर, त्या संस्थेचा काही अंमल नाही, तक्रार घेऊन जायचं कुठं हाच प्रश्न पडतो. पहिल्या भेटीत एकच विचारा, निर्णयात नक्की कोणती कायदेशीर चूक झालीय ते मला दोन वाक्यांत सांगा. जो सांगू शकत नाही आणि तरी 'कोर्टात टाकू, बघू' म्हणतो त्याला पैसे देऊ नका. हरलं तर सरकारच्या वकिलाचा खर्चही साधारणपणे तुमच्याच अंगावर येतो, आणि तो काही थोडाथोडका नसतो.

हे निकाल आम्हाला वाचता येतील का?

येतील, फुकट. ऑस्टली नावाच्या साइटवर सगळ्या कोर्टांचे निकाल आहेत, इंग्रजीत. हायकोर्ट स्वतःच्या साइटवर महत्त्वाच्या निकालांचं एक-दोन पानांचं सोपं टिपणही टाकतं, आधी ते वाचायचं. सर्चमध्ये तुमच्या व्हिसाचा नंबर आणि नाकारण्याच्या पत्रात जे कलम लिहिलंय ते टाका, तुमच्यासारख्याच केसेस निघतील, त्यातल्या हरलेल्या आधी वाचा.